‘पेशंट रिस्पॉन्स देत नाही’ हे किती वेळा बघून लिहिलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘लिव्हिंग विल’वर, म्हणजे आपल्याला सांगता येणार नाही तेव्हा उपचार थांबवावेत का हे आधीच लिहून ठेवण्यावर, आलेला लेख वाचला. कायद्याची बाजू नीट मांडली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मधेच एक वाक्य आहे : मेंदूला जबर मार लागून महिनोन्‌महिने निपचित पडलेल्या माणसाला आजूबाजूचं काहीच कळत नसतं. लेखकाने ते सहज लिहून टाकलंय. मी सरकारी नोकरीत आधी परिचारिका आणि मग परिसेविका म्हणून तीसेक वर्षं काढली, त्यातली बरीचशी न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात. ‘काही कळत नाही’ हे तिथे रोज कानावर पडायचं. ते कशाच्या जोरावर ठरतं, हे वाचकांना सांगावं म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, चालवून घ्या.

राउंडला काय होतं ते आधी सांगते. रात्रभर जागलेला रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, येतो. पेशंटच्या कानाशी ‘ए भैया, हाथ उठाओ’ असं दोनदा मोठ्याने म्हणतो. हात हलत नाही. मग मूठ वळून छातीच्या मधल्या हाडावर पेरं घासतो, नखावर पेन दाबतो. हात कोपरात आवळला जातो. केसपेपरवर जीसीएसचा, म्हणजे ग्लासगो कोमा स्केलचा, आकडा पडतो आणि राउंड पुढच्या कॉटवर सरकतो. सगळं मिनिटभरात. त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या अंगावर अख्खा वॉर्ड असतो. शिवाय हे स्केल 1974 साली टीसडेल आणि जेनेट यांनी बनवलं तेच मुळी पेशंटची शुद्ध सुधारतेय की बिघडतेय हे झटपट कळावं म्हणून. त्या कामाला ते आजही उत्तम आहे. पण तीन महिन्यांनी डोळे उघडे टाकून पडलेला माणूस आतून जागा आहे का, हा प्रश्नच वेगळा. आपण त्याचं उत्तरही त्याच मिनिटात उरकतो.

आणि हात उचलायला सांगतो तोही बहुतेक वेळा अशा माणसाला, ज्याचे दोन्ही हात मेंदूच्या मारामुळे लाकडासारखे कडक झालेले असतात. त्याने उचलायचं कशाने?

हा संशय फक्त आम्हा सिस्टर लोकांना येत होता असं नाही. 2006 साली केंब्रिजमधल्या एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एका 23 वर्षांच्या मुलीची हकिकत छापली. 2005च्या जुलैत रस्त्यावरच्या अपघातात तिच्या मेंदूला मार लागला होता. पाच महिन्यांनंतरही डोळे उघडे, झोप-जाग व्यवस्थित, पण सांगितलेलं काही करत नव्हती. ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट’चे, म्हणजे डोळे उघडे पण जाणीव नाही या अवस्थेचे, सगळे निकष तिला लागू होते. तिला मेंदूचं काम दाखवणाऱ्या एमआरआय यंत्रात ठेवलं आणि सांगितलं, आपण टेनिस खेळतोय अशी कल्पना कर. नंतर सांगितलं, स्वतःच्या घरातल्या खोल्यांतून फिरतेयस अशी कल्पना कर. दोन्ही वेळी मेंदूचे वेगवेगळे भाग उजळले, आणि धडधाकट माणसांचे जे उजळतात तेच. म्हणजे ती ऐकत होती, समजून घेत होती आणि सांगितलेलं मनातल्या मनात करत होती. बाहेरून मात्र शून्य.

चार वर्षांनी केंब्रिज आणि बेल्जियममधल्या लिएजच्या डॉक्टरांनी मिळून अशा 54 जणांना यंत्रात घातलं, त्यात 5 जणांच्या मेंदूने असाच प्रतिसाद दिला. त्यांतल्या एकाने तर याच पद्धतीने, ‘हो’ असेल तर टेनिस, ‘नाही’ असेल तर घर, असं करून साध्या प्रश्नांची उत्तरं दिली. 2019 साली न्यूयॉर्कच्या यान क्लासेन यांनी हेच काम ईईजीवर, म्हणजे डोक्याला तारा लावून, थेट आयसीयूत केलं. पेशंटला हाताची मूठ उघड-मीट करायला सांगायचं, मग थांबायला सांगायचं, आणि मेंदूच्या लहरी संगणकाला तपासायला द्यायच्या. 104 पैकी 16 जणांच्या मेंदूने हुकूम पाळला, हात जागचा हलला नव्हता तरी. त्या सोळांतले 44 टक्के वर्षभराने दिवसाचे आठ तास स्वतःचं स्वतः सांभाळू शकत होते, बाकीच्यांत हेच प्रमाण 14 टक्के. सगळ्यात मोठी पाहणी 2024च्या ऑगस्टमध्ये आली. अमेरिका आणि युरोपातली सहा केंद्रं, 353 पेशंट. त्यांतले 241 जण सांगितलेलं काहीच करत नव्हते. त्या 241 पैकी 60 जणांच्या मेंदूत प्रतिसाद सापडला. चारातला एक!

आता कोणी म्हणेल, ही यंत्रं आणि हे संगणक आपल्याकडे गावोगावी कुठून आणायचे. माझं म्हणणं नेमकं तिथूनच सुरू होतं. यंत्र नंतर. त्याआधी जी तपासणी करायची ती आपण करतच नाही, आणि तिला पैसे पडत नाहीत.

बेल्जियममध्येच 2009 साली 44 पेशंट पाहिले गेले, ज्यांना सगळ्या टीमने मिळून ‘व्हेजिटेटिव्ह’ ठरवलं होतं. ‘कोमा रिकव्हरी स्केल-रिव्हाइज्ड’ नावाच्या तक्त्याने त्यांना पुन्हा तपासलं, तेव्हा 18 जणांत जाणिवेच्या खुणा मिळाल्या, म्हणजे 41 टक्के. एमआरआय नाही, काही नाही. हा तक्ता सहा भागांचा, 0 ते 23 गुणांचा. ऐकणं, बघणं, हालचाल, तोंड आणि आवाज, संवाद आणि जागेपण, असं एकेक तपासायचं. सामान म्हणजे आरसा, कंगवा, कप, चेंडू. वेळ साधारण अर्धा तास. पण अट एकच, एकदा तपासून थांबायचं नाही. 2017 साली लिएजच्याच मंडळींनी दाखवलं की दोन आठवड्यांच्या आत निदान पाच वेळा तपासलं नाही तर चुकीचं निदान होण्याचा धोका मोठा. कारण या लोकांची शुद्ध खाली-वर होत असते. सकाळी अकराला जागा असलेला माणूस दुपारी तीनला नुसता ओंडका असतो.

सोलापुरातलंच एक उदाहरण देते. नाव-गाव सांगणार नाही.

विडी घरकुलातल्या एका बाईंच्या मुलाला मी बघायला गेले होते. मुलगा पंचविशीच्या आतबाहेरचा, अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर होता. रात्रपाळी संपवून मोटरसायकलवरून येताना रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला. ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर, याच्या डोक्यावर हेल्मेट नाही. (2022 साली देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली. डोक्याला मार लागून जी जगली, त्यांचा आकडा कोणी पाठ करत नाही.) ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झालं, जीव वाचला. ज्या दवाखान्यातून घरी पाठवलं त्याच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट, प्रोग्नोसिस पुअर (म्हणजे सुधारणेची आशा कमी), नातेवाइकांना समजावले’.

खोलीत भाड्याची फाउलर कॉट, एअर बेडच्या मोटरची घरघर. नाकात अन्नाची राइल्स ट्यूब, गळ्याला श्वासासाठी पाडलेलं ट्रॅकिओस्टोमीचं भोक. दोन्ही हात छातीशी आवळलेले, मुठीत रुमालाच्या गुंडाळ्या दिलेल्या. त्या रुमालांवरून मी ओळखलं की बाई हुशार आहे. ती कॉटशेजारी जमिनीवर बसून विड्या वळत होती. सूप मांडीवर, पानं कापून झालेली, हात चाललेले. मला म्हणाली, ‘सिस्टर, डॉक्टर म्हणतात डोळे नुसते उघडे आहेत. पण मी उठून मोरीकडे गेले की हा बघतो.’

आईला असं वाटतंच, असं मनात म्हणून सोडून द्यायची सवय आपल्या धंद्यात सगळ्यांनाच लागते. मी आधी त्याच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं. काही नाही. बॅटरी फिरवली, काही नाही. मग फडताळातला हातभर आरसा मागून घेतला आणि त्याच्या तोंडासमोर धरून हळूहळू डावीकडे नेला. डोळे आरशाबरोबर गेले. मध्ये आणला, आले. उजवीकडे मात्र अर्ध्यात थांबले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. यात जादू काही नाही. स्वतःचा चेहरा बघताना नजर जितकी धरते तितकी दुसऱ्या कशावर धरत नाही, हे 2008 सालच्या अभ्यासात सिद्ध झालेलं आहे आणि त्या तक्त्यात म्हणूनच आरसा आहे.

मग त्याच्या आईला म्हटलं, ‘तुम्ही सांगा, डोळे मीट म्हणून. तुमच्या भाषेत सांगा.’ हे घर पद्मशाली, घरात तेलुगू. दवाखान्यात त्याला सगळे हिंदीत दरडावत होते. ती कानाशी वाकली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, ‘कळ्ळु मूस्को रा.’ आम्ही थांबलो. आपण सगळे इथेच घाई करतो, पाच सेकंदांत दुसरा हुकूम सोडतो. सात-आठ सेकंद गेले आणि पापण्या मिटल्या. मिटून राहिल्या. ‘उघड’ म्हटल्यावर उघडल्या. चार वेळा सांगितलं, तीन वेळा झालं. तक्त्याचा नियमही तोच आहे, चारातून तीनदा. एकदा झालं तर त्याला योगायोग म्हणतात.

दुसऱ्या दिवशी त्याला बारीक ताप होता आणि फिट्सचं औषध नुकतंच दिलेलं, तेव्हा काहीही झालं नाही. त्या दिवशी कोणी नवखा तपासायला आला असता तर त्याने कार्डावर तेच लिहिलं असतं जे आधी लिहिलं होतं.

पुढे काय झालं, हे वाचकांना जाणून घ्यावंसं वाटेल. चमत्कार झालेला नाही. तो उठून बसत नाही, बोलत नाही. पण चांगल्या दिवशी डोळे मिटून ‘हो’ सांगतो. त्याच्या ‘हो’चा पहिला उपयोग असा झाला की उजवा खांदा दुखतो हे कळलं. घरचे दर दोन तासांनी कूस बदलत होते, अगदी शिकवल्यासारखी, आणि दर वेळी त्याच खांद्यावर वळवत होते. एक्स-रे काढला तर सांधा खाली सरकलेला. इतके महिने तो दुखणं सांगत असेल तर घाम येऊन आणि नाडी वाढवून सांगत असेल, आणि आम्ही त्याला इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक देत होतो.

त्याच खोलीत, त्याच्या उशाशी बसून, भावकीतल्या एकाने ‘देवाने सोडवावं आता’ असं म्हटलेलं मी ऐकलं आहे. बोलायचं असेल तर बाहेर ओट्यावर बोला, एवढंच मी तेव्हा सांगितलं. वॉर्डातही मी नव्या पोरींना हेच शिकवायचे. सक्शन करायच्या आधी नाव घेऊन सांगायचं, ‘आता नळी घालते, खोकला येईल.’ पोरी हसायच्या, भिंतीशी बोलतेय म्हणून.

परिचारिकांचा विषय निघालाय तर अरुणा शानबाग यांना वगळून पुढे जाता येणार नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या सिस्टरवर 27 नोव्हेंबर 1973 रोजी हल्ला झाला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि 18 मे 2015 रोजी त्या गेल्या तोवर, एकेचाळीस वर्षांवर, केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. त्या ‘व्हेजिटेटिव्ह’ होत्या, असंच आपण सगळे म्हणतो. त्यांच्या इच्छामरणाच्या अर्जावरच्या 2011च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालासाठी नेमलेल्या तीन डॉक्टरांनीही त्या अवस्थेचे बहुतेक निकष लागू होतात, असाच अहवाल दिला. ‘बहुतेक’, ‘सगळे’ नव्हेत. आणि त्याच निकालपत्रात केईएमच्या वतीने दिलेलं म्हणणं आहे की त्या तोंडाने खातात, चेहऱ्याने प्रतिसाद देतात, अधूनमधून सांगितलेल्याला आवाज काढून उत्तर देतात, शी-शू लागली की आवाज करतात आणि सिस्टर्स तो ओळखतात. हे मी निकालाविरुद्ध बोलत नाही. त्यांचा मार प्राणवायू तुटल्याचा होता, अपघाताचा नव्हे, आणि त्यात सुधारणेची आशा मुळातच कमी असते. पण रोज अंग पुसणाऱ्या बायकांना काय दिसत होतं आणि कागदावर काय आलं, यातलं अंतर मला कायम खुपत आलंय.

आता उलट बाजू. हे पत्र वाचून उद्या कोणी ‘आमच्या आजोबांनी जांभई दिली, दात खाल्ले, हात धरला की सोडत नाहीत, म्हणजे त्यांना कळतं’ असं म्हणेल. नाही. जांभई, दात खाणं, तळहाताला काही लागलं की मूठ आवळणं, डोळ्यांतून पाणी येणं हे सगळं जाणीव नसतानाही होतं. वर सांगितलेल्या 241 पैकी 181 जणांच्या मेंदूत काहीही सापडलं नाही, हेही लक्षात ठेवा. आणि सापडलं नाही म्हणजे नाहीच, असंही नाही. त्याच पाहणीत जे 112 जण उघडपणे हुकूम पाळत होते, त्यांतल्या 38 टक्क्यांचाच प्रतिसाद यंत्राने पकडला. म्हणजे यंत्रही चुकतं, आणि बरंच चुकतं.

दुसरं, यातलं काहीही ब्रेन डेड माणसाला लागू नाही. कोमा, व्हेजिटेटिव्ह आणि ब्रेन डेड यांची आपल्याकडे बोलताना खिचडी होते. ब्रेन डेड म्हणजे मृत्यू. 1994च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टर सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून तो ठरवतात. अवयवदानाला नकार द्यायला कृपा करून माझ्या या पत्राचा दाखला देऊ नका.

तिसरं, आशा विकणारे. स्टेम सेलची पॅकेजं घेऊन फिरणारे लोक अशाच घरांची दारं वाजवतात. रक्ताचे काही आजार सोडले तर या उपचाराला आपल्याकडे नेहमीचा उपचार म्हणून मान्यता नाही. जमीन विकून ते करू नये. ज्याला थोडा तरी आधार आहे ते औषध म्हणजे अमँटाडीन. जुनं आहे, पार्किन्सनसाठी वापरतात. अपघातानंतरच्या चौथ्या ते सोळाव्या आठवड्यातल्या 184 पेशंटवर ते वापरलं आणि 2012 साली निष्कर्ष आले. औषध चालू असेपर्यंत सुधारणेचा वेग वाढला, बंद केल्यावर मंदावला. तेही न्यूरोच्या डॉक्टरांनी सांगितलं तरच, फिट्स येणाऱ्याला तर विचारूनच.

लिव्हिंग विलवर मी विरोधात नाही. मी स्वतः केलं आहे, दोन साक्षीदार घेऊन नोटरीसमोर, 2023च्या सुधारित नियमांप्रमाणे. उपचार थांबवायचे की नाही हे दवाखान्यातलं आणि नंतर त्याच्या वरचं, अशी दोन वैद्यकीय मंडळं ठरवतात. माझी मागणी एवढीच, की निर्णय मेंदूच्या मारावरून आणि ‘जाणीव नाही’ या कारणावरून होणार असेल तर त्या फायलीत तारीखवार पाच तपासण्यांचे तक्ते असावेत. तपासणी पेशंटच्या घरच्या भाषेत झाली का, त्याला टेकून बसवलं होतं का, त्या दिवशी ताप होता का, झोपेचं किंवा फिट्सचं औषध किती वाजता दिलं, चष्मा आणि कानाचं यंत्र लावलं का, घरचं कोणी हजर होतं का, हे त्यावर लिहिलेलं असावं. माझ्या इच्छापत्रात मी ही अट घातली आहे. वकील म्हणाले, असं कोणी लिहीत नाही. म्हटलं, तुम्ही लिहा.

आणि ज्यांचा उपचार थांबवायचा प्रश्नच नाही, नुसतं घरी पाठवायचं आहे, अशांची संख्या कितीतरी मोठी. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर ‘प्रोग्नोसिस पुअर’ लिहायच्या आधी हाच तक्ता भरावा. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या संघटनेने 2018 साली स्पष्ट लिहिलं आहे की पहिल्या 28 दिवसांत यातून काही होणार नाही अशा अर्थाचं नातेवाइकांशी बोलू नये. आपल्याकडे ते तिसऱ्या दिवशी, जिन्यात उभ्याउभ्या सांगितलं जातं. जिल्ह्याजिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत. प्रत्येकाने एक डॉक्टर, एक सिस्टर आणि एक फिजिओथेरपिस्ट या तपासणीसाठी तयार करायचा म्हटला तर त्याला नवीन इमारत लागत नाही, टेंडरही लागत नाही. घरी गेल्यावरचं डायपर, भाड्याची कॉट, फिजिओची फी हे सरकारी योजनेत यावं असंही वाटतं, पण ते मागणं मोठं आहे आणि त्यावर वेगळं लिहीन.

सोलापूर शहरात ज्यांच्या घरी असा पेशंट असेल आणि तक्ता कसा भरायचा हे शिकायचं असेल त्यांनी आपल्या कार्यालयात कळवावं, माझा नंबर तिथे दिला आहे. फी नाही. येताना मी आरसा घेऊन येईन, तुम्ही फक्त त्याच्याशी रोज जे माणूस बोलतं ते माणूस घरी ठेवा, आणि शक्यतो सकाळची वेळ द्या.

आपली,
एक निवृत्त परिसेविका
सोलापूर